दोन दिवसांच्या प्रशिक्षणानंतर सगळे जैसे थे का होते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतील काही गावांत एक संस्था वाचनालये, दहावी-बारावीच्या मुलांसाठी अभ्यासिका आणि महिला व तरुणांचे गट चालवते. तिचे नऊ कार्यकर्ते आहेत. गेल्या पावसाळ्याआधी त्यांचे दोन दिवसांचे संगणक-प्रशिक्षण झाले, प्रमाणपत्रेही मिळाली. पण आज हजेरी पुन्हा वहीत आहे, निरोप एकेकाला फोन करून दिले जातात आणि महिलांचे अर्ज गावातल्या सेवा केंद्रावर पैसे देऊन भरले जातात. समन्वयकांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: नेमके काय शिकवावे, कोणत्या भाषेत शिकवावे, आणि ‘मला हे जमणार नाही’ असे तोंडावर सांगणाऱ्या ज्येष्ठ ग्रंथपालांचे काय करावे.

मी या सीमाभागात बावीस वर्षे प्रौढशिक्षण आणि युवकांच्या कामात आहे. त्यातली निम्मी वर्षे कार्यकर्त्यांना शिकवण्यातच गेली. अशी दोन दिवसांची प्रशिक्षणे मीही भरपूर घेतली आहेत आणि त्यांचा शेवट बहुतेक वेळा तुमच्यासारखाच झाला आहे.

तुम्ही पाठवलेल्या वेळापत्रकात पहिल्या दिवशी संगणकाचे भाग, फोल्डर, वर्ड आणि एक्सेल आहे. दुसऱ्या दिवशी ईमेल, इंटरनेट आणि शेवटचा अर्धा तास सुरक्षितता. यातली एकही गोष्ट चुकीची नाही. मात्र तुमच्या नऊ जणांपैकी कोणाचेही मंगळवारचे, म्हणजे रोजचे, काम त्यात कुठे आलेले नाही. २०१७ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाचा अभ्यासक्रम २० तासांचा होता आणि सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतील प्रत्येकी एका व्यक्तीला तो शिकवण्याचे उद्दिष्ट होते. मार्च २०२४ मध्ये ते अभियान संपले, पण त्याचा साचा संस्थांच्या डोक्यात राहून गेला. तो साचा नागरिकासाठी होता: फोन चालू करता यावा, पैसे पाठवता यावेत, माहिती शोधता यावी. कार्यकर्त्याला याच्या पुढचे एक वेगळेच कौशल्य लागते. दुसऱ्या माणसाच्या हातात फोन असताना, तो आपल्याकडे न घेता, त्याच्याकडून काम करवून घेणे हे ते कौशल्य आहे आणि ते कोणत्याही वेळापत्रकात मला सापडलेले नाही.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, पुढचे प्रशिक्षण ठरवण्याआधी प्रत्येक कार्यकर्त्याजवळ अर्धा तास बसून त्याने मागच्या आठवड्यात काय केले ते दिवसवार सांगायला लावावे आणि त्यातून जे काम सर्वांत नकोसे वाटते असे एकच काम निवडावे. जांबोटी भागातल्या एका अभ्यासिकेच्या ताईंचे असे काम म्हणजे महिन्याचा अहवाल होता. मुलांची हजेरी त्या वहीत मांडत, महिनाअखेरीला तीच फुलस्केप कागदावर उतरवत आणि मग तोच कागद फोनवरून कार्यालयाला वाचून दाखवत. एकच आकडा तीनदा हाताळला जाई आणि तिसऱ्या वेळी हमखास चुके. आम्ही त्यांच्याच फोनवर नाव, इयत्ता, तारीख आणि हजेरी अशा चार रकान्यांचा तक्ता केला. पाचवा रकाना घालण्याचा मोह मला झाला होता, तो आवरला. दोन महिने वही आणि तक्ता दोन्ही चालू ठेवले, कारण तक्ता चुकला तर हाताशी वही आहे हा धीर असल्याशिवाय कोणीही नवे काही मनापासून करत नाही. तिसऱ्या महिन्यात त्यांनी स्वतःच विचारले की, बेरीज तक्त्यालाच करता येते का. सूत्र शिकवण्याची वेळ ती होती. पहिल्या दिवशी सूत्रे शिकवली असती तर त्या मान डोलावून घरी गेल्या असत्या.

त्या भागात पावसाळ्यात नेटवर्क दिवसदिवस नसते, हे तुम्हाला सांगायला नको. तेव्हा तक्ता ऑफलाइन उघडेल अशी सोय आधीच करून ठेवावी, मुलांसाठीच्या पीडीएफ फाइल नेटवर्क असलेल्या गावात उतरवून घ्याव्यात आणि एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये अँड्रॉइडमधल्या क्विक शेअरने द्याव्यात. त्याला इंटरनेट लागत नाही. प्रशिक्षण शहरातल्या वायफायवर घ्यायचे आणि काम कणकुंबीच्या पावसात करायचे, हा अंतर्विरोध अनेक योजनांना भोवलेला मी पाहिला आहे.

आता त्या वेगळ्या कौशल्याकडे येते. नंदगडजवळच्या एका महिला गटात आमचा एक चांगला, मनमिळाऊ कार्यकर्ता होता. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार रुपये जमा झाले का, हे पाहण्यासाठी एक काकू फोन घेऊन आल्या. तो म्हणाला, “द्या बगू काकू इकडं, मी बगून सांगतो की.” चाळीस सेकंदांत त्याने उत्तर दिले, काकू समाधानाने गेल्या. पुढच्या महिन्यात तोच फोन, तोच प्रश्न आणि त्याच काकू. वर्षभर असे चालले तर तो कार्यकर्ता लोकांना उपयोगी पडतो हे खरे. पण तो काही शिकवत नाही आणि गावात नसेल त्या दिवशी काकूंचे अडते.

यावरचा सराव सोपा दिसतो, पण कठीण जातो. कार्यकर्त्यांच्या जोड्या कराव्यात, ज्याला येत नाही त्याच्या हातात फोन द्यावा आणि ज्याला येते त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधून फक्त बोलावे. पहिली पाच मिनिटे हशा होतो, नंतर चिडचिड होते, आणि मग एक गोष्ट लख्खपणे दिसते: येणाऱ्याला बोट कुठे न्यायचे ते ठाऊक असते, त्यासाठी शब्द मात्र नसतात. “ते तिथं, वर, ते… नाही, त्याच्या बाजूचं” असे सुरू होते. आमच्या गटाने म्हणून खुणांची नावेच ठरवून टाकली. तीन टिंबे, दात्यांचे चक्र, भिंग, मागे जायचा बाण, कागदी विमान. आज आमचे सगळे कार्यकर्ते हीच नावे वापरतात, त्यामुळे एका गावात शिकलेली बाई दुसऱ्या गावात माहेरी गेली तरी तिला तीच भाषा ऐकू येते. हे काम दोन तासांचे आहे आणि कोणत्याही महागड्या साहित्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक झाला.

दुसरा प्रश्न भाषेचा. इतर जिल्ह्यांसाठी लिहिलेली प्रशिक्षण-पुस्तिका आपल्याकडे लंगडी पडते ती इथेच. आपल्या बहुतेक कार्यकर्त्यांचे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे, बोललेली कन्नड त्यांना समजते, बाजारात ते ती बोलतातही; पण छापील कन्नड वाचताना गती मंदावते आणि पडद्यावर तर ती थांबतेच. दुसरीकडे शासनाचे परिपत्रक, ग्रामपंचायतीची सूचना आणि रेशनकार्डावरचे नाव कन्नडमध्ये असते. म्हणजे आपल्या कार्यकर्त्याला मराठी टंकता येणे आणि कन्नड पडदा वाचता येणे या दोन्ही गोष्टी लागतात आणि मधे इंग्रजी असतेच. यातली एक टाळून दुसरी शिकवण्यात अर्थ नाही, मग सीमाप्रश्नावर आपले मत काहीही असो.

टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक शिकवावा, असे माझे ठाम मत आहे. रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची सवय पटकन लागते हे मान्य. पण इनस्क्रिप्टची मांडणी सर्व प्रमुख भारतीय लिप्यांना सारखीच असते. मराठीचा क ज्या कळीवर आहे त्याच कळीवर कन्नडचा क आहे, ल जिथे आहे तिथेच शिफ्ट दाबून ळ मिळतो, आणि हे दोन्ही लिप्यांत तसेच चालते. एकदा बोटे बसली की विंडोजमध्ये भाषा बदलायची आणि त्याच बोटांनी दुसरी लिपी लिहायची. इथल्या कार्यालयांत कन्नडसाठी नुडी या टंकलेखन-प्रणालीचा कळफलक अधिक दिसतो, तेव्हा कार्यालयात नोकरी करू पाहणाऱ्या मुलांना तोही दाखवावा. आपल्या कार्यकर्त्यांना मात्र एकच मांडणी पुरते. सुरुवातीला सर्वांची गाडी ‘दुसऱ्या’, ‘सुट्ट्या’ अशा शब्दांशी अडते. ‘ऱ्या’साठी शिफ्ट धरून जे, मग डी, मग य आणि काना, एवढे फळ्यावर लिहून ठेवले की महिनाभरात कोणी विचारत नाही. कळफलक नकोच म्हणणाऱ्यांना मराठीत बोलून टंकणे दाखवावे. आपल्या बोलीतला “करूलालोय” (करतो आहे) त्या यंत्राला कळत नाही आणि ते भलतेच काही लिहून मोकळे होते. पण थोडे पुस्तकी बोलले की काम होते.

जुन्या फाइलींचा एक वेगळा घोटाळा असतो. आमच्याकडे दहावीच्या प्रश्नपत्रिकांचा मोठा साठा जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला होता. संगणकावर तो सुरेख मराठी दिसे आणि फोनवर पाठवला की इंग्रजी अक्षरांची खिचडी होई. कार्यकर्त्यांना वाटे की फोनच बिघडला. त्या फॉन्टमध्ये आतले अक्षर खरोखर इंग्रजीच असते, वरून फक्त मराठीचा आकार चढवलेला असतो. तो फॉन्ट ज्या फोनमध्ये नाही तिथे मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये अक्षर स्वतःच मराठी असते. हे दहा मिनिटांत समजावून सांगावे आणि यापुढे प्रत्येक नवी गोष्ट युनिकोडमध्येच टंकायची असा नियम करावा. जुन्या कन्नड परिपत्रकांतही हाच प्रकार आढळतो. पीडीएफमधून मजकूर उचलून भाषांतराला दिला की निरर्थक चिन्हे येतात. अशा वेळी पडद्याचे छायाचित्र घेऊन ते गूगल लेन्सला द्यावे, म्हणजे यंत्र अक्षरांचा आकार वाचते आणि मराठी भाषांतर बहुतांशी समजण्याजोगे येते.

मात्र त्या भाषांतरावर आंधळा भरवसा ठेवू नये. आम्ही नियम असा केला आहे की यंत्राने दिलेल्या मजकुरातील तारीख, रक्कम आणि ‘पात्र’ की ‘अपात्र’ या तीन गोष्टी मूळ कन्नडशी ताडून पाहिल्याशिवाय गटात काहीही पाठवायचे नाही. त्यासाठी कन्नड अंक वाचता आलेच पाहिजेत. सहा आणि नऊ घाईत सारखेच वाटतात, तेवढे विशेष लक्ष देऊन शिकवावेत. त्याबरोबर अर्जांवर नेहमी दिसणारे पंचवीस-तीस शब्द पाठ करून घ्यावेत. हेसरु (नाव), विळास (पत्ता), तंदे (वडील), ताय (आई), आदाय (उत्पन्न), कोनेय दिनांक (शेवटची तारीख). अर्जी, सही, रद्दु, प्रमाणपत्र हे तर आपलेच शब्द आहेत, हे लक्षात आले की भीती निम्मी होते. ‘सल्लिसि’ या बटणापाशी मात्र प्रत्येकाचे बोट थबकते. त्याचा अर्थ ‘सादर करा’. ते दाबले की अर्ज गेला, म्हणून तिथे थबकणे योग्यच आहे.

नावांचा गुंता याच ओघात शिकवावा, कारण आपल्या भागातील थांबलेल्या अर्जांमागे तो फार वेळा असतो. महाराष्ट्रातल्या चंदगड किंवा गडहिंग्लजकडून लग्न होऊन आलेल्या मुलीचे आधारकार्ड मराठी व इंग्रजीत आणि बहुधा माहेरच्या नावाने असते. सासरचे रेशनकार्ड कन्नडमध्ये असते. ज्ञानेश्वरी हे नाव मराठी उच्चाराप्रमाणे इंग्रजीत डी-एन-वाय असे सुरू होते, तर कन्नडमधून इंग्रजीत उतरवताना तेच जे-एन किंवा जी-एन असे होते. माणसाला ते एकच नाव वाटते, संगणकाला तीन वेगळ्या बायका वाटतात. कार्यकर्त्याने अर्ज भरायला बसण्याआधी सगळी कागदपत्रे शेजारी ठेवून इंग्रजी अक्षरे एकेक करून ताडावीत, ही सवय लावली तर नाडकचेरीच्या, म्हणजे इथल्या महसूल कार्यालयाच्या, पुष्कळ फेऱ्या वाचतात. पैसे आलेच नाहीत अशी तक्रार असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी: आधारवर आधारित अनुदान बँकेच्या पासबुकाकडे पाहून जमा होत नाही, आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात ते जाते. कित्येक घरांत पैसे आलेले असतात, पण विसरलेल्या दुसऱ्या खात्यात पडून राहिलेले असतात. आधारच्या संकेतस्थळावर हे जोडणीचे खाते पाहता येते. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू असावा लागतो, आणि तो बहुधा नवऱ्याचा किंवा बंद पडलेला असतो. तिथून पुढचे काम डिजिटल राहत नाही, आधार केंद्रावर रांगेत उभे राहण्याचे होते.

सुरक्षिततेला तुम्ही अर्धा तास दिला आहे. मी तो शेवटी ठेवणार नाही. कार्यकर्त्यांच्या डायऱ्या एकदा पाहा. गावातल्या महिलांचे आधार क्रमांक, खाते क्रमांक आणि कधी कधी चक्क यूपीआयचा पिनसुद्धा त्यात लिहिलेला असतो, आणि तो चांगल्या हेतूने, ‘काकू विसरतात’ म्हणून लिहिलेला असतो. पिन आणि ओटीपी कोणाचाही लिहून ठेवायचा नाही, आधारची प्रत लागेल तिथे शेवटचे चारच अंक दिसणारी झाकलेली प्रत वापरायची, आणि फसवणूक झाली तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायचा, एवढे तीन नियम पहिल्याच दिवशी सांगावेत. फसलेल्यावर ओरडू मात्र नये. फसलेला माणूस लाजेने दोन दिवस गप्प बसतो आणि तोवर पैसे पुढे निघून जातात.

युवकांच्या कामात यापेक्षा नाजूक बाजू आहे आणि तिथे माझ्या हातून चूक झाली आहे. काही वर्षांपूर्वी एका गावातल्या किशोरवयीन मुलींच्या गटासाठी मी व्हॉट्सअॅप ग्रुप केला, स्पर्धेतली छायाचित्रे त्यात टाकली आणि तीच संस्थेच्या पानावरही लावली. कोणाची परवानगी घ्यावी हे मला सुचलेच नाही, सगळ्या घरांशी ओळख होती. ग्रुपमधून एका मुलीचा नंबर बाहेर गेला आणि तिला रात्री-अपरात्री संदेश येऊ लागले. तिच्या वडिलांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, पण मुलगी त्या आठवड्यापासून गटात आली नाही. नंतर मी दोनदा घरी जाऊन आले. चहा मिळाला, मुलगी बाहेर आली नाही.

तेव्हापासून आमच्याकडे मुलींसाठी ग्रुप नसतो, ब्रॉडकास्ट यादी असते. तिच्यात एकीला दुसरीचा नंबर दिसत नाही. ज्यांनी आपला नंबर फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच संदेश पोचतो, म्हणून पहिल्या भेटीत तो जतन करून घ्यायचा. कामाचा नंबर वेगळा ठेवतो, रात्री आठनंतर कोणत्याही मुलाला किंवा मुलीला एकट्याला संदेश करत नाही, आणि छायाचित्रासाठी पालकांची लेखी संमती घेतो. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. पण कायदा नसता तरी हे करायला हवे होते.

साधनांविषयी फार लिहीत नाही. फोन कार्यकर्त्याचा स्वतःचा चालतो, पण रिचार्ज संस्थेने द्यावा. स्वतःचे पैसे घालून संस्थेचे काम करणारा माणूस डेटा वाचवतो आणि सराव टाळतो. नऊ जणांत दोन चांगले लॅपटॉप पुरतात. ग्रामपंचायतींची वाचनालये २०१९ मध्ये ग्रामविकास खात्याकडे आल्यावर ‘अरिवु केंद्र’ म्हणून विकसित होत आहेत, आणि जिथे संगणक आले आहेत तिथे त्यांच्याशी बोलून आठवड्यातून एक दुपार मागून घ्यावी. वेळेचे म्हणाल तर दोन सलग दिवसांऐवजी दर शनिवारी दीड तास, सहा महिने, आणि तो पगारी कामाचा वेळ धरलेला असावा. प्रत्येक शनिवारी पहिली वीस मिनिटे ‘या आठवड्यात कुठे अडले’ एवढ्यासाठीच ठेवावीत. प्रगती मोजायला युरोपातली ‘डिगकॉम्प’ ही क्षमतांची चौकट मी एकदा वापरून पाहिली. तिची ५ क्षेत्रे आणि २१ क्षमता विचार करायला चांगल्या आहेत. पण आमच्या लोकांना स्वतःला गुण द्यायला सांगितले तेव्हा तरुण मुलांनी सगळीकडे भरघोस दिले आणि सर्वांत नीट काम करणाऱ्या ताईंनी स्वतःला जवळपास शून्य दिले. आता मी एकच विचारते: गेल्या आठवड्यात कोणाच्या हातून, त्याच्याच फोनवर, काय करवून घेतलेत?

राहिले ग्रंथपाल. अशा व्यक्तीला प्रशिक्षणात बसवण्याआधी ते कशाला नाही म्हणत आहेत ते शोधावे. आमच्याकडच्या एका अण्णांची हरकत संगणकाला नव्हतीच. तिशीतल्या मुलाने सगळ्यांसमोर माऊस हातात धरून शिकवण्याला होती. त्यांची दाखल-नोंदवही चाळीस वर्षांची होती, अक्षर मोत्यासारखे, आणि कोणते पुस्तक कोणत्या घरात किती दिवस अडकून पडते याची माहिती त्यांच्या डोक्यात होती. आम्ही नोंदवही बंद केली नाही. दर शनिवारी अभ्यासिकेतली एक मुलगी त्या आठवड्याच्या पानाचे छायाचित्र घेते आणि अण्णांजवळ बसून तक्त्यात भरते. ग्रंथाचे नाव ते उच्चारतात, ती टंकते. कुठे लेखकाचे नाव चुकले की ते पडद्याकडे वाकून बोट दाखवतात. वर्षभराने त्यांनी एकदा भिंगाच्या खुणेवर स्वतः बोट ठेवून एका कादंबरीच्या किती प्रती आहेत ते शोधले आणि मग नोंदवही उघडून तो आकडा बरोबर आहे का ते तपासले. तुमच्या ग्रंथपालांनी एवढे केले तरी त्यांचे प्रशिक्षण झाले असे मी धरीन. तेवढेही केले नाही, तर नोंदवहीचे छायाचित्र घेणारी एखादी मुलगी शोधा आणि त्यांना त्यांचे काम करू द्या.